ॲटिकस फिंचचे मत

फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचायच्या अंकात परक्या देशातल्या मतदानाविषयी लेख यावा, हे थोडे चमत्कारिकच आहे. वास्तविक संपादकांनी माझ्याकडे मागितला होता तो 'माझे आवडते पुस्तक' या विषयावरचा लेख. मी तत्काळ होकार दिला. पुस्तकही मनाशी ठरलेलेच होते: हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी. लेखाच्या निमित्ताने ती पुन्हा वाचायला घेतली आणि घोटाळा झाला. पुस्तक आवडते ते आवडतेच राहिले. पण त्यातला जो माणूस मला सर्वांत प्रिय होता, त्याच्याशीच माझे भांडण जुंपले. त्या भांडणाची ही हकीकत आहे.

आधी माझा अधिकार किती ते सांगून टाकतो. मी दहावीपर्यंत शिकलो. आमच्या घरी त्याला अजूनही मॅट्रिकच म्हणतात. एका तालुक्याच्या गावी मी मुलांना चित्रकला शिकवतो, आणि ज्या तासाला कोणीच शिक्षक नसतो तो नागरिकशास्त्राचा तासही बहुधा माझ्याच पदरात पडतो. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. इंग्रजी पुस्तक वाचायचे तर शब्दकोश मांडीवर घ्यावा लागतो. तेव्हा हे टीकालेखन विद्वानाचे नव्हे. एका कादंबरीकाराने दुसऱ्या कादंबरीकाराच्या घरात डोकावून, भांडी कुठे ठेवली आहेत ते पाहावे, तशातले आहे.

शिवाय या प्रकरणात माझा स्वतःचा हात अडकलेला आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीतले नानासाहेब वकील ज्या वाचकांना आठवत असतील, त्यांना आता कबूल करायला हरकत नाही की नानासाहेब ही सरळसरळ उसनवारी होती. संथ बोलणे, चष्मा पुसण्याची लकब, मुलांना मोठ्या माणसांसारखे वागवणे, गाव विरोधात गेले तरी आवाज न चढवणे, हे सारे मी अलाबामा राज्यातल्या मेकोम्ब नावाच्या काल्पनिक गावच्या ॲटिकस फिंच वकिलाकडून उचलले होते. ते साल २०१२. तीन वर्षांनी, २०१५ च्या जुलैत, हार्पर लीची दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली आणि माझ्या नानासाहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. पण ते पुढे.

'मॉकिंगबर्ड' १९६० साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९६२ साली चित्रपट निघाला. त्यात ग्रेगरी पेकने ॲटिकसची भूमिका केली. गोष्ट १९३० नंतरच्या मंदीच्या काळातली, एका लहान मुलीने, स्काउटने सांगितलेली. टॉम रॉबिन्सन या काळ्या तरुणावर एका गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा खोटा आरोप येतो. स्काउटचे वडील ॲटिकस त्याचे वकीलपत्र घेतात, त्याचे निर्दोषत्व सूर्यप्रकाशासारखे स्पष्ट करून दाखवतात. तरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते, आणि तुरुंगातून पळताना तो गोळ्यांनी मारला जातो. एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. या खेपेला माझे लक्ष दुसरीकडेच गेले. ही कादंबरी न्यायालयाविषयी आहे असे आपण समजतो. पण तिच्या आडोशाला सगळीकडे नकाशे, जागा आणि मते यांचा उल्लेख भरून राहिला आहे.

मेकोम्ब हे गाव जिल्ह्याचे ठाणे कसे झाले याची एक गमतीची कथा लेखिका सांगते. फार पूर्वी सिंकफील्ड नावाच्या गृहस्थाची तिथे खाणावळ होती. सरकारी मोजणीदार जिल्ह्याचा मध्यबिंदू ठरवायला आले, तेव्हा या पठ्ठ्याने त्यांना भरपूर दारू पाजली आणि इथे थोडे काप, तिथे थोडे जोड असे करून नकाशाचा मध्य आपल्या खाणावळीशी आणून ठेवला. म्हणून ठाणे नदीपासून लांब, आडबाजूला वसले आणि वाढायचे थांबले. वाचताना आपण हसतो. चित्रकलेच्या मास्तराला मात्र हसता हसता दुसरी एक आकृती आठवते. त्याच अलाबामात टस्कीगी नावाचे गाव आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांची प्रसिद्ध शिक्षणसंस्था तिथली. या गावाची हद्द चौकोनी होती. १९५७ साली राज्याच्या कायदेमंडळाने एक कायदा करून तिला अठ्ठावीस बाजूंची आकृती करून टाकले. चारशेच्या आसपास काळे मतदार त्या गावात होते. रेघा ओढून झाल्यावर त्यांतले चार-पाच सोडून बाकी सगळे गावाबाहेर पडले, आणि गोरा मतदार एकही बाहेर पडला नाही! मुलांकडून मी अष्टकोन काढून घेतो तेव्हा त्यांच्या हाताला घाम फुटतो. इथे अठ्ठावीस बाजू इतक्या अचूक. सर्वोच्च न्यायालयाने या आकृतीला घटनाबाह्य ठरवले ते १९६० सालच्या नोव्हेंबरात, म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर चारच महिन्यांनी. सिंकफील्डच्या दारूची गोष्ट लिहिताना लेखिकेच्या मनात टस्कीगी होते की नाही ते तिलाच माहीत. पण नकाशा हा कोणाच्या तरी खाणावळीच्या सोयीने काढला जातो, हे तिला पक्के माहीत होते.

दुसरी खूण याहून बारीक आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला रानात राहणारी कनिंगहॅम नावाची गरीब गोऱ्या शेतकऱ्यांची जमात आहे. त्यांच्या वस्तीचे नाव लेखिकेने ठेवले आहे ओल्ड सॅरम. इंग्लंडचा इतिहास ज्यांनी शाळेत घोकला असेल त्यांना हे नाव खटकेल. ओल्ड सॅरम म्हणजे इंग्लंडमधला तो कुप्रसिद्ध ओसाड मतदारसंघ, जिथे वस्ती जवळजवळ उरली नव्हती तरी १८३२ च्या सुधारणेपर्यंत पार्लमेंटात दोन सभासद जात असत. वकिलाच्या मुलीने हे नाव सहज ठेवले असेल असे मला वाटत नाही.

कारण अलाबामाची सारी राजकीय व्यवस्थाच एक मोठे ओल्ड सॅरम होती. १९०१ साली जी राज्यघटना झाली तिच्यात दर दहा वर्षांनी लोकसंख्येप्रमाणे जागांची फेरवाटणी करावी असे लिहिले होते. साठ वर्षे कोणी केली नाही. बर्मिंगहॅम हे पोलादाच्या कारखान्यांचे शहर वाढत गेले आणि खेड्यांतल्या जागा होत्या तशाच राहिल्या. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा समोर आलेले आकडे असे होते: ज्यात बर्मिंगहॅम येते त्या जेफरसन जिल्ह्यात ६,३४,८६४ माणसे आणि सेनेटर एक, लाउंड्स जिल्ह्यात १५,४१७ माणसे आणि सेनेटर एकच. म्हणजे लाउंड्सच्या एका माणसाचे वजन बर्मिंगहॅमच्या एक्केचाळीस माणसांइतके. १९६४ साली 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' या निकालात सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी हे रद्द केले. प्रतिनिधी हा माणसांचा असतो, झाडांचा किंवा एकरांचा नव्हे, अशा आशयाचे त्यांचे विधान पुढे गाजले.

इथवर ऐकून कोणी म्हणेल की मग खेडूत गोऱ्यांची चैन होती, आणि शहरे पिचत होती. मी स्वतः बरेच दिवस असेच समजत होतो. पण लाउंड्स जिल्ह्यात राहत कोण होते? तिथल्या दर पाच माणसांमागे चार काळे होते. आणि १९६५ साल उजाडले तेव्हा त्या जिल्ह्याच्या मतदारयादीत काळे नाव एकही नव्हते. जागा मोजताना काळ्यांची डोकी धरायची, मते मोजताना त्यांचे हात धरायचे नाहीत. आणि या डोक्यांच्या जोरावर मूठभर गोऱ्या जमीनदारांनी सबंध राज्य चालवायचे! १७८७ च्या मूळ अमेरिकन घटनेत पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब प्रतिनिधित्वासाठी धरला होता. त्यावरून पाहिले तर गुलामगिरी संपल्यावर जमीनदाराचा फायदाच झाला म्हणायचे. आता पाचांचे पाच मोजले जाऊ लागले.

या भागाला तिथे काळा पट्टा म्हणतात. नाव मूळचे मातीवरून पडले: काळी, कसदार, कापसाची जमीन. आपल्याकडे वऱ्हाडात 'काळी' म्हटली की जे डोळ्यांपुढे येते तेच. कापसासाठी गुलाम आणले, म्हणून पुढे माणसांवरूनही तेच नाव टिकले. अमेरिकेच्या निवडणुका झाल्या की आपल्या वर्तमानपत्रांत लाल-निळे नकाशे येतात आणि खाली लिहिलेले असते की खेडी एकीकडे, शहरे दुसरीकडे. अलाबामाचा २०२० सालचा नकाशा मी मुद्दाम काढून पाहिला. सगळीकडे लाल रंग, आणि मधून एक निळी पट्टी आडवी गेलेली. ती शहरांची नाही. ती खेड्यांची आहे, लाउंड्स तिच्यात आहे, आणि ती पुष्कळशी त्या काळ्या मातीवरूनच गेलेली आहे. 'खेडे' हा शब्द आपण तिथल्या संदर्भात गोऱ्यांना बहाल करून टाकला आहे. कापूस वेचणारे जणू कधी खेड्यात राहिलेच नाहीत.

आता कादंबरीकडे परत येऊ. कनिंगहॅमविषयी लेखिकेने एक वाक्य असे घातले आहे की मी दोनदा वाचूनही त्यावरून घसरून पुढे गेलो होतो. त्याला सरकारी कामावर मजुरी मिळाली असती. पण जमीन राखण्यासाठी आणि आपल्या मनाप्रमाणे मत देता यावे म्हणून तो उपाशी राहायला तयार होता, असे ती म्हणते. किती सुंदर! मताच्या स्वातंत्र्यासाठी उपास काढणारा शेतकरी. पण याच कनिंगहॅमने ॲटिकसची फी कशी दिली आहे? सरपणाची मोळी, अक्रोडासारख्या रानफळांची पिशवी, पाल्याची जुडी. कारण त्याच्याजवळ रोख पैसा नाही. आणि त्या काळी अलाबामात मत द्यायचे तर मतपट्टी भरावी लागे. वर्षाला दीड डॉलर, तीही रोख. एका वर्षी चुकली तर पुढच्या वर्षी मागच्यासकट. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्यापर्यंत साठत गेली तर छत्तीस डॉलर! पालेभाजीत फी देणाऱ्या माणसाने ही पट्टी कशी भरली असेल? लेखिका सांगत नाही. मला वाटते, त्या मानी माणसाला दुखवणे तिला नको असावे. त्याचा उपास दाखवला, पण हातात मत होते की नाही ते दाखवले नाही.

या मतपट्टीमागे जी १९०१ ची घटना होती, तिच्या जन्माची कथा कादंबरीच्या मुळावरच घाव घालते, म्हणून ती थोडी सांगतो. त्या घटनासमितीचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी आपला हेतू लपवला नव्हता: गोऱ्यांचे वर्चस्व कायद्यानेच स्थापायचे. साक्षरतेची परीक्षा, मालमत्तेची अट, मतपट्टी. १९०० साली राज्यात मताला पात्र असे १,८१,००० हून अधिक काळे पुरुष होते. दोन-तीन वर्षांत यादीत तीन हजारही उरले नाहीत. हे कोणी घडवले? रानातल्या कनिंगहॅमांनी? मुळीच नव्हे. काळ्या पट्ट्यातले जमीनदार आणि बर्मिंगहॅमचे कारखानदार यांनी. डोंगराळ भागातल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांचा या घटनेला मोठा विरोध होता, कारण आपलीही मते यात जाणार हे त्यांना कळत होते. आणि ती पुढे गेलीच. घटना लोकमताला टाकली तेव्हा काळ्या पट्ट्यातले जिल्हे सोडून उरलेल्या राज्यात ती थोडक्यात नापास झाली होती. तारली ती काळ्या पट्ट्याने. म्हणजे कागदोपत्री असे दिसते की काळ्यांनी भरघोस मते देऊन आपला मताधिकार काढून घेतला! मतपेट्या कोणाच्या हातात होत्या हे सांगायला नको.

आता कादंबरीतली ज्यूरी आठवा. टॉमला दोषी ठरवणारे बारा जण कोण आहेत? उन्हाने रापलेले शेतकरी. गावातले सभ्य लोक ज्यूरीत बसत नाहीत. आपली गिऱ्हाइके तुटतील, शेजाऱ्यांशी वैर येईल, म्हणून ते अंग काढून घेतात, असे ॲटिकस स्वतःच मुलांना सांगतो. बायकांना तर त्या राज्यात ज्यूरीत बसायची परवानगीच नव्हती. खोटे बोलणारा बॉब यूएल कचऱ्याच्या ढिगाशेजारी राहतो. रात्री तुरुंगावर चालून येतात ते ओल्ड सॅरमचे लोक. मुलांचा मोठा भाऊ जेम एकदा गावातल्या माणसांची चार प्रकारांत वाटणी करतो: आपल्यासारखे, रानातले कनिंगहॅम, ढिगावरचे यूएल आणि काळे. या उतरंडीत पाप सगळे मधल्या दोन मडक्यांत भरले आहे. वरचे मडके स्वच्छ. ज्या वर्गाने कायदा रचला, त्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे ॲटिकस. आणि त्याच्या हातून आपण त्या कायद्याविरुद्धचे भाषण ऐकतो. एवढे खरे की लेखिकेने कनिंगहॅमांना एक माप न्याय दिला आहे: ज्यूरीत टॉमच्या सुटकेसाठी काही तास अडून बसलेला एकमेव माणूस त्यांच्याच नात्यातला निघतो. ती जागा लिहिताना तिच्या मनाला काहीतरी टोचत असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपण विसरून जातो. ॲटिकस हा नुसता वकील नाही. तो राज्याच्या कायदेमंडळाचा सभासद आहे. हार्पर लीचे वडील ए. सी. ली हेही वकील होते आणि १९२६ ते १९३८ कायदेमंडळात होते. तेव्हा हे घरातूनच आले. टॉमचा खटला होऊन गेल्यावर त्याच वर्षी लोक ॲटिकसला पुन्हा निवडून देतात, नेहमीप्रमाणे बिनविरोध. ज्या गावाने त्याच्या मुलांना रस्त्यात शिव्या दिल्या, ते गाव! पूर्वी मला हे गावाच्या मोठेपणाचे चिन्ह वाटे. आता वाटते, गाव त्याला ओळखून होते. न्यायालयात तो काय बोलतो याची त्यांना चीड होती. कायदेमंडळात तो काय करणार नाही, याची खात्री होती. मतपट्टी काढा, यादी उघडा, असे तो तिथे म्हणाल्याचा पुस्तकात मला कोठे उल्लेख सापडला नाही. सबंध कादंबरीत काळ्या माणसाच्या मताचा प्रश्न मला कोणाच्या तोंडी आढळला नाही. कनिंगहॅमच्या मताविषयी आहे, कॅल्पर्नियाच्या नाही.

कॅल्पर्निया ही फिंचांच्या घरची स्वयंपाकीण. तिला वाचता येते. ती शिकली ती ब्लॅकस्टोनच्या कायदेग्रंथावरून, आणि आपल्या मुलाला, झीबोला, तिने त्याच ग्रंथावरून आणि बायबलवरून शिकवले. त्यांच्या देवळात जेमतेम चौघांना वाचता येते. म्हणून झीबो भजनाची एकेक ओळ म्हणतो आणि मंडळी मागून गातात. हा झीबो गावचा कचरा उचलतो. कचरा उचलणारा माणूस ब्लॅकस्टोन वाचून शिकलेला! साक्षरतेची परीक्षा प्रामाणिकपणे घेतली असती तर मेकोम्बच्या निम्म्या गोऱ्यांच्या आधी झीबो उत्तीर्ण झाला असता.

आणि आता दुसरे पुस्तक. 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाले २०१५ साली, पण लिहून झाले होते 'मॉकिंगबर्ड'च्या आधी. १९५७ साली ते प्रकाशकाकडे गेले होते. स्काउट आता सव्वीस वर्षांची जीन लुईज झाली आहे, न्यूयॉर्कला राहते, सुटीत आगगाडीने घरी येते. शाळांतला वर्णभेद रद्द करणारा १९५४ चा निकाल होऊन गेला आहे. ती कोर्टाच्या गॅलरीत, जिथे लहानपणी बसून तिने वडिलांना पाहिले होते तिथेच, जाऊन बसते. आणि खाली गोऱ्यांच्या 'नागरिक मंडळा'ची सभा भरलेली दिसते. व्यासपीठावर विषारी भाषण चालले आहे आणि शेजारी ॲटिकस बसला आहे. पुढे बापलेकींचे भांडण होते. तो शांतपणे विचारतो: या लोकांना एकदम सगळे हक्क दिले तर काय होईल? आपण संख्येने कमी आहोत. ज्यांना राज्य चालवता येत नाही त्यांच्या हाती राज्य द्यायचे? मग झीबोच नगराध्यक्ष होईल; गावचा पैसा झीबोच्या हाती सोपवशील का?

मी पुस्तक मिटले. झीबो! ज्याला ब्लॅकस्टोन आला तो हाच झीबो. मग ध्यानात आले की लिहिण्याचा क्रम उलटा आहे. बापाच्या तोंडी हा टोमणा तिने आधी लिहिला. झीबोच्या हातात ब्लॅकस्टोन नंतर दिला. जणू लेकीने वडिलांना भांडणात सुचले नव्हते ते उत्तर मागाहून दिले, आणि तेही ज्या पुस्तकात बापाला देवपण दिले त्याच पुस्तकात, स्वयंपाकघराच्या बाजूने, हळूच. मला हा या दोन्ही पुस्तकांतला सर्वांत हृद्य भाग वाटतो.

पुष्कळ वाचक दुसऱ्या पुस्तकावर रागावले. म्हातारपणी ॲटिकस बिघडला म्हणाले. मला तो बिघडलेला वाटत नाही. एका काळ्या माणसावर अन्याय होऊ नये असे वाटणे वेगळे, आणि त्या माणसाचे मत आपल्या मताच्या वजनाचे असावे असे वाटणे वेगळे. पहिल्यात देणारा आपण असतो. नागरिकत्व हे माणसाने कमवावे लागते, असे ॲटिकस म्हणतो; आणि कमावले की नाही ते ठरवणार कोण, तर तोच. न्यूयॉर्कची लेकही, बरे का, फार पुढे नाही. त्या निकालाचा तिलाही संताप आला होता, आणि हे लोक मागासलेले आहेत हे बापाचे म्हणणे तीही मान्य करते. भांडते ती एवढ्यावरच की तू मला असे शिकवले नव्हतेस. शहरात राहून तिला आगगाडीचे तिकीट मिळाले. दृष्टी मिळाली असे लेखिकेने खोटे लिहिले नाही, हे मला आवडले.

हे वाचले आणि मला २०१९ सालची विधानसभेची निवडणूक आठवली. शिक्षकाला निवडणुकीचे काम चुकत नाही. एका वाडीवरच्या शाळेत मी मतदान अधिकारी होतो. दुपारी एक म्हातारी आली, नव्वदीला टेकलेली. यादीतले नाव सापडेना, अंगठा नीट उठेना, शाईची बाटली तिच्या हाताच्या कंपाने लवंडायला आली. मागे रांग खोळंबली. मी शेजारच्या सहकाऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणालो, "यांना काय कळतंय? कशाला आणतात यांना!" आवाज हळू नसावा. म्हातारी आडोशामागे गेली, बराच वेळ थांबली, यंत्राचा आवाज झाला, बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "गुरुजी, माझं बटन मला ठावं हाय. तुमचं तुमास्नी ठावं असलं म्हंजे झालं."

माझे नानासाहेब वकील याच गुरुजींनी लिहिले होते.

आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीत, १९५१-५२ साली, अक्षरओळख नसलेल्यांनाही मत होते आणि त्यासाठी चिन्हे होती. मला वाटे की चिन्हांची ही युक्ती आपलीच. तसे नाही. अलाबामातही मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह लागे. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्यावर गोऱ्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. ती १९६६ साली काढून टाकली. याच लाउंड्स जिल्ह्यात, सेल्माच्या पुलावर झालेल्या मारहाणीनंतर आणि १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर, काळ्या शेतमजुरांनी आपला स्वतंत्र पक्ष काढला. मतदार म्हणून नाव नोंदवले म्हणून जमीनदारांनी कित्येक कुटुंबांना घरांतून हुसकावले. ती तंबू ठोकून राहिली. या पक्षालाही चिन्ह हवे होते. त्यांनी घेतला काळा चित्ता. ते चिन्ह पुढे कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरी गेले आणि ब्लॅक पँथर पक्षाचे झाले. तिथून त्याचे नाव १९७२ साली मुंबईला आले आणि दलित पँथर झाले. ओकलंड आणि मुंबई आपल्याला ठाऊक असते. मधला कापसाच्या शेतातला मुक्काम विस्मरणात जातो. तसे पाहिले तर हा रस्ता आपल्यासाठी जुनाच आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्त झालेल्यांची मते अलाबामात अजून अठ्ठावीस वर्षांनी जायची होती.

१९६५ चा कायदा झाला तरी नकाशाचे खेळ संपले नाहीत. २०१३ साली बर्मिंगहॅमलगतच्या शेल्बी जिल्ह्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचे एक मुख्य कलम निरुपयोगी केले. २०२३ साली त्याच न्यायालयाने अलाबामाचा लोकसभेच्या मतदारसंघांचा नकाशा सदोष ठरवला. नवा काढला गेला, आणि २०२४ साली काळ्या पट्ट्यातून जाणाऱ्या त्या नव्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स निवडून आले. शिवाय वॉरनसाहेबांचा झाडांचा आणि एकरांचा न्याय राज्यांपुरताच. देशाच्या सेनेटमध्ये वायोमिंगच्या पावणेसहा लाख माणसांना दोन सभासद आणि कॅलिफोर्नियाच्या तीन कोटी पंचाण्णव लाखांनाही दोनच.

'मॉकिंगबर्ड'मध्ये एक वर्ग आहे. मिस गेट्स नावाच्या बाई मुलांना हिटलरविषयी सांगतात आणि लोकशाही म्हणजे सर्वांना सारखे हक्क, कोणालाही खास सवलत नाही, हे समजावतात. मुले फळ्याकडे पाहत असतात. याच बाई कोर्टाच्या पायऱ्यांवरून उतरताना काळ्यांविषयी काय बोलल्या ते स्काउटने ऐकलेले असते: यांना कोणीतरी धडा शिकवायला हवाच होता. नागरिकशास्त्राचा तास माझ्याकडे आला की हल्ली मला फळ्याकडे पाठ करून उभे राहायला संकोच वाटतो.

नानासाहेबांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायचे प्रकाशक म्हणत आहेत. काही फेरफार करायचे आहेत का, असे त्यांनी विचारले आहे. मी पुस्तक काढून पाहिले. तीनशे बारा पाने. नानासाहेबांच्या घरी स्वयंपाकाला एक बाई आहेत, त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आहेत, आणि त्यांना मी आडनाव दिलेले नाही. मग 'मॉकिंगबर्ड'ही पुन्हा चाळली. कॅल्पर्नियाचे आडनावही मला सापडले नाही. मतदारयादीत नाव घालायचे तर अर्जावर ते लिहावे लागते.